दुसरीतली चौदा गप्प मुलं

दुसरीच्या वर्गात एकाही मुलाचा पुढचा दात पडलेला नसेल, तर तो वर्ग दुसरीचा नाही. हे कुठल्याही परिपत्रकात सापडणार नाही. सात वर्षांच्या मुलांना रांगेत बसवून हसायला लावा, निम्म्यांच्या तोंडात फटी दिसतात. ज्या वर्गात सगळ्यांचे दात जागच्या जागी, तिथे वरच्या वर्गातली मुलं आणून बसवलेली असतात. या दातांच्या जोरावर मी नोकरीत तीन शाळा पकडल्या. पहिल्या दोन शाळांबद्दल मला आजही अभिमान आहे. हे लिहिते आहे ते तिसऱ्या शाळेबद्दल.

संपादक म्हणाले, तुमचं काम साध्या भाषेत सांगा, लोकांना वाटतं तपासणीवाले येतात, चहा पितात आणि सही करून जातात. लोकांचं अगदीच चूक नाही. चहा प्यावा लागतोच, नाही घेतला तर मुख्याध्यापकांचा रक्तदाब वाढतो. मी सोळा वर्षं मीरा-भाईंदरमधल्या प्राथमिक शाळांत शिकवलं, मग केंद्रप्रमुख झाले, म्हणजे दहा-बारा शाळा एका माणसाच्या गळ्यात. शेवटची सहा वर्षं मला बाहेरच्या शाळांच्या मूल्यांकनाला पाठवत. आपल्या केंद्रातल्या शाळा आपणच तपासायच्या नाहीत, असा नियम होता आणि तो चांगलाच होता. मागे मला सगळे ‘एक्स-रे’ म्हणत. तोंडावर अर्थात मॅडम.

मूल्यांकनाचा अर्ज बराच लांबलचक असतो. इमारत, पाणी, मुलींचं स्वच्छतागृह, ग्रंथालय, भिंतीवरचे तक्ते. हा भाग तासाभरात उरकतो. तपासणीच्या दिवशी शाळेच्या भिंतीला टेकू नये एवढंच पथ्य, कारण रंग ओला असतो. खरं काम त्यानंतरचं. फळ्याचा खालचा अर्धा भाग बघायचा. तिथे खडूचे जुने डाग नसतील, तर त्या फळ्यावर मुलांनी कधी लिहिलेलंच नाही, कारण मुलांचा हात तिथवरच पोचतो. वही पहिल्या पानापासून बघायची नाही, मागून उघडायची. आणि एकेका मुलाला जवळ बसवून वाचायला द्यायचं. काहीच येत नसेल तर ‘प्रारंभिक’, अक्षरं येत असतील तर ‘अक्षर’, पुढे ‘शब्द’, आणि सगळ्यात वर ‘परिच्छेद’, असे चार स्तर. मुलं धडे पाठ करतात म्हणून पानाच्या मधूनच सुरुवात करायला सांगायची. आणि मुलाची पाठ त्याच्या शिक्षकांकडे हवी. शिक्षक समोर दिसला की मूल पुस्तक वाचत नाही, शिक्षकाचा चेहरा वाचतं. ही शेवटची गोष्ट मी प्रत्येक प्रशिक्षणात फळ्यावर लिहून खाली दोन रेघा मारत असे.

खाजगी शाळाही आमच्या यादीत असत. मीरा रोडच्या एका शाळेत संस्थाचालकांनी मला थंडगार केबिनमध्ये बसवलं आणि पूर्ण भरलेला अर्ज पुढे सरकवला. म्हणाले, “मॅडम, मार्किंग तो हमने कर दी है. आप सिर्फ साइन कर दीजिए, आपका टाइम बचेगा.” त्यांनी स्वतःला पैकीच्या पैकी दिले होते, अगदी शाळेत नसलेल्या मैदानालासुद्धा. मी मैदान दाखवा म्हटलं तर मला गच्चीवर नेलं. अशी माणसं भेटली की माझा दिवस बरा जायचा. पकडण्यातही एक सुख असतं, आणि मला त्याची चटक लागली होती, हे पुढचं सांगण्याआधी कबूल केलेलं बरं.

तिसरी शाळा समुद्राकाठच्या एका जुन्या गावातली. पालीच्या बाजूचं म्हणा, उत्तनच्या बाजूचं म्हणा, नाव मुद्दाम लिहीत नाही. मराठी माध्यम, पहिली ते चौथी, पट चौऱ्याहत्तर. कमी पटाच्या शाळा मोठ्या शाळेत विलीन करायच्या, अशी फाइल त्या वर्षी फिरत होती. या शाळेला खालची श्रेणी मिळाली असती, तर मुलांना बसने भाईंदरच्या मोठ्या शाळेत जावं लागणार होतं. नकाशावर ते अंतर बोटभर. पण त्या गावातल्या आया पहाटे मासळी घेऊन बाजाराला जातात. सात-आठ वर्षांची पोर धाकट्या भावंडाला हाताला धरून बालवाडीत सोडते आणि तिथेच पलीकडच्या वर्गात जाऊन बसते. शाळा बसच्या अंतरावर गेली की यातल्या किती मुली घरी राहतील, हे सांगायला ज्योतिषी नको. मला हे सगळं माहीत होतं. माहीत असूनही श्रेणी द्यायची ती वाचनावरच, अशा ताठ्यात मी जानेवारीतल्या एका सकाळी तिथे पोचले.

मुख्याध्यापक तांडेल सर त्याच गावचे, त्याच शाळेत शिकलेले. पन्नाशी उलटलेले, शर्टाच्या खिशात तीन पेनं. पहिलीचा वर्ग ठीक होता. दुसरीत शिरले आणि मुलांनी एका सुरात “नमस्ते” म्हटलं. तोंडं उघडली तेव्हाच माझं लक्ष गेलं. सगळ्यांचे दात शाबूत. मी मधलं पान उघडून दिलं, मुलं घडाघडा वाचत सुटली. हजेरी घेतली, प्रत्येक नावाला कुणीतरी “हजर” म्हणत होतं. तालीम चांगली झाली होती. मग मी एका मुलाला खडू दिला आणि म्हटलं, फळ्यावर तुझं नाव आणि इयत्ता लिही. तो बिचारा सवयीने ‘इयत्ता तिसरी’ लिहून मोकळा झाला आणि शाबासकीसाठी माझ्याकडे बघू लागला.

खरी दुसरी कुठे आहे, असं मी विचारलं. परिसरभेटीला गेली आहे, तांडेल सर म्हणाले. कुठे? जेटीवर. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही, असं काहीतरी मी बोलले, आणि तेही मुलांसमोर. सर मला व्हरांड्यात घेऊन गेले. तिथे त्यांनी जे सांगितलं ते असं: दुसरीच्या शिल्पाबाईंना जुलैपासून मतदार यादीच्या कामाला लावलेलं होतं. बदली शिक्षक मागणारी चार पत्रं त्यांनी पाठवली, उत्तर एकालाही नाही. दुसरी आणि चौथी ते एकटेच सांभाळत होते, शिवाय कार्यालय, खिचडी, ऑनलाइन माहिती.

“मॅडम, शिकवलं नाही असं नाही. पण पुरं पडलो नाही,” ते म्हणाले. “यांच्यामुळे शाळा जाईल. तिसरीची मुलं वाचतात ना, तीही याच शाळेची आहेत. तेवढं बघा.”

“सर, मुलं आणा,” मी म्हणाले.

वीस मिनिटांनी मुलं आली. मदतनीस मावशीने त्यांना बोंबील सुकत घातलेल्या वलांडींच्या पलीकडे, जेटीजवळच्या शेडमध्ये बसवून ठेवलं होतं. पायांना वाळू, कपड्यांना सुक्या मासळीचा वास, आणि तोंडात हव्या तेवढ्या फटी. एकोणीस मुलं होती. मी व्हरांड्यात टेबल मांडलं आणि तांडेल सरांना म्हटलं, तुम्ही इथे, माझ्या मागे उभे राहा. तुमची दुसरी काय वाचते ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. मला त्यांना शिक्षा करायची होती. मुलाच्या नजरेसमोर त्याचा शिक्षक नको, हे ज्या बाईने शेकडो शिक्षकांना शिकवलं, तिने रागाच्या भरात स्वतःच्या हाताने शिक्षकाला मुलांपुढे उभं केलं. आणि मला ते त्या वेळी कळलंही नाही. खरं सांगायचं तर मला मजा वाटत होती. हे लिहायला आज लाज वाटते.

एकोणीसपैकी पाच मुलांनी चाचरत वाचलं. चौदा मूग गिळून बसली. पुस्तक समोर, नजर माझ्या खांद्यावरून मागे. नाव विचारलं तरी उत्तर नाही. त्यांत हर्षाली नावाची एक मुलगी होती, दोन घट्ट वेण्या, बारीक अंगाची. तिने पुस्तक घेतलं, ओळीखाली बोट ठेवलं आणि बोट सरकवू लागली. ओळ संपली की बोट पुढच्या ओळीच्या सुरुवातीला जायचं. तोंड मात्र बंद. मी दोनदा म्हटलं, मोठ्याने वाच. तिने मान खाली घातली. मी तिच्या नावापुढे ‘प्रारंभिक’ लिहिलं आणि पुढच्या मुलाला हाक मारली. चौदा वेळा तोच शब्द लिहिला. त्याच संध्याकाळी अहवाल ऑनलाइन भरून टाकला. श्रेणी सगळ्यात खालची. मुलं बदलून बसवल्याचा प्रकारही खुलासेवार लिहिला, आणि त्यातल्या भाषेवर मी खूश होते.

तीन दिवसांनी मी कार्यालयात बसले होते, तर एक कोळीण थेट माझ्या टेबलाशी आली. बाजारातूनच आली होती, हाताला बर्फाचा गारठा होता, टोपली बाहेर ठेवलेली. हर्षालीची आई मी, एवढं तिने सांगितलं आणि उभीच राहिली. कोळीवाड्यात थोरामोठ्यांनाही ‘तू’ म्हणतात, त्यात अपमान नसतो. तरी त्या दिवशीचा तो ‘तू’ मला लागला.

“बाय, माझ्या पोरीला काय येत न्हाय, असं तू लिवलंस ना?”

मी म्हटलं, तिने काही वाचलंच नाही. मग मी काय लिहिणार?

“सरांनी सांगून ठेवलं व्हतं, तपासनीचा मानूस आला तर त्याच्याशी बोलायचं न्हाय. ती न्हाय बोलली. मोठ्या मानसाचं ऐकलं, ह्यो तिचा गुन्हा काय?”

पुढचं तिने बसून सांगितलं. गावात बातमी पसरली होती की दुसरीच्या ढ पोरांमुळे शाळा बंद होणार. वरच्या वर्गातली मुलं या चौदा जणांना वाटेत चिडवत होती. हर्षाली तीन दिवस शाळेत गेली नव्हती, आणि ती नाही म्हणून तिचा भाऊ बालवाडीत नाही. घरात औषधाच्या पाकिटावरचं नाव तीच वाचून दाखवते, बसवरची पाटी तीच वाचते, असं आई म्हणाली. तिला स्वतःला वाचता येत नव्हतं, त्यामुळे पोर बरोबर वाचते की नाही हे कसं सांगणार, हेही तिनेच प्रामाणिकपणे म्हटलं. आणि तेव्हा ते सरकणारं बोट माझ्या डोळ्यांसमोर आलं. न वाचणाऱ्या मुलाचं बोट असं सरकत नाही. ते चित्राकडे जातं, पानाच्या कोपऱ्यात जातं, नाहीतर एका जागी अडकतं. बावीस वर्षं मुलांची बोटं बघत आलेली बाई मी. मी ते पाहिलं होतं, आणि पाहूनही लिहायचं ते लिहिलं होतं.

मी मोठ्या साहेबांकडे गेले. ते वाईट माणूस नव्हते, पण उंटावरून शेळ्या हाकण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्यांनी मला शांतपणे समजावलं. एकदा भरलेला अहवाल उघडत नाहीत. उघडायचाच असेल, तर पद्धतीत चूक झाली असं मूल्यमापकाने स्वतः लेखी द्यावं लागतं. तसं दिलं की त्याने त्या वर्षी तपासलेल्या सगळ्या शाळा संशयात येतात, संस्थाचालक वकील घेऊन उभे राहतात. तुम्ही मेअखेर निवृत्त होताय, ते म्हणाले, नावाला डाग लावून का जाताय? आणि पुढचं जे म्हणाले ते मला जास्त पटलं, हे दुर्दैव. म्हणाले, मुलं बदलून बसवली हे तर खरं आहे ना? मग शाळा दोषी आहेच.

मी नऊ दिवस काही केलं नाही. रोज ठरवायचे, आज लिहीन. रोज काहीतरी निमित्त काढायचे. कधी वाटायचं, पोरी घरी औषधांची नावं पाठही करतात. कधी वाटायचं, मीरा रोडच्या त्या गच्चीवाल्या मैदानाचे मालक आता मला हसतील. नऊ दिवसांत विलीनीकरणाची फाइल दोन टेबलं पुढे सरकली. आमच्या ह्यांनी एका सकाळी विचारलं, तू हल्ली पेपर समोर धरून एकाच पानावर का बसतेस? त्यांना मी सगळं सांगितलं. ते बँकेतले, मोजून बोलणारे. म्हणाले, “मग ती मुलगी गप्प बसली सरांना घाबरून. आणि तू कोणाला घाबरून?”

दहाव्या दिवशी मी अर्धं पान लिहिलं. ‘मूल्यांकनाच्या वेळी मी मुख्याध्यापकांना विद्यार्थ्यांच्या नजरेसमोर उभे केले. विद्यार्थ्यांना न बोलण्याची सूचना होती, याची मी खात्री करून घेतली नाही. त्यांचे मौन मी अज्ञान म्हणून नोंदवले. चौदा नोंदी अविश्वसनीय आहेत.’ साहेबांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुन्हा वाचला आणि आवक-जावकला पाठवला. माझं नाव मूल्यमापकांच्या यादीतून त्याच आठवड्यात गेलं.

फेरतपासणी फेब्रुवारीत लागली. दुसऱ्या केंद्राचे देसाई सर तपासणार होते. तांडेल सरांना त्या दिवशी सक्तीची रजा, शाळेच्या आवारात पाऊल टाकायचं नाही. मी हजर राहायचं, पण वर्गात जायचं नाही आणि मुलांशी एक शब्द बोलायचा नाही. मी व्हरांड्यातल्या बाकावर बसले. कुंपणाच्या भिंतीबाहेर पंधरा-वीस बायका उभ्या होत्या. बाजार अर्ध्यावर टाकून आलेल्या. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं.

देसाई सरांनी दार लावून घेतलं आणि हजेरीपटाच्या क्रमाने त्या चौदांतलं एकेक मूल आत घेऊ लागले. बाहेर आवाज येत नव्हता, समुद्राचा वारा आणि आतला पंखा यांत सगळं बुडत होतं. पण मला आवाजाची गरज नव्हती. वाचणारं मूल आत गेलं की तीन-चार मिनिटं लागतात. गप्प बसणारं मूल मिनिटभरात बाहेर येतं, कारण त्याला विचारायला काही उरत नाही. मी मनगटावरचं घड्याळ बघत होते. पहिला मुलगा मिनिटाच्या आत बाहेर आला. दुसराही तसाच. तिसरी मुलगी तर आत गेली काय आणि आली काय.

मग माझ्या लक्षात आलं. मुलांना कुणी सांगितलंच नव्हतं. सरांचा हुकूम होता, तपासनिसासमोर बोलायचं नाही, आणि तो हुकूम मागे घेतल्याचं त्यांच्या कानावर आलेलं नव्हतं. सरांना रजेवर पाठवताना हे आमच्यापैकी एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. मोठ्यांचं ऐकणारी ती चौदाच्या चौदा मुलं पुन्हा तेच करणार होती, आणि या वेळी नोंद कायमची होणार होती. मी तोंड उघडलं असतं, तर फेरतपासणी तिथेच रद्द. चौथा मुलगा आत गेला. हर्षाली सहावी होती. ती भिंतीला टेकून उभी होती आणि माझ्याकडे न बघण्याची काळजी घेत होती.

मुलांशी बोलायचं नाही, असा आदेश होता. आयांशी बोलायचं नाही, असं कुणी लिहिलं नव्हतं. मी उठून कुंपणापाशी गेले आणि हर्षालीच्या आईला म्हटलं, “आत कोणी बोलत नाहीये. सरांनी सांगितल्याशिवाय बोलणार नाहीत.”

तिने पदर खोचला आणि गल्लीत धावली. चौथा मुलगा बाहेर आला. पाचवा आत गेला. पाचवा बाहेर आला. देसाई सरांनी दारातून हर्षालीचं नाव पुकारलं.

तेवढ्यात तांडेल सर आले. घरातल्या लुंगीवर, केस विस्कटलेले, खिशात पेनं नाहीत. फाटकाशी ते क्षणभर थांबले. आत पाऊल टाकलं तर काय होणार हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. त्यांनी आत पाऊल टाकलं.

“पोरांनो, आज सर विचारतील ते सगळं सांगायचं. येत नसेल तर येत नाही म्हणायचं. मागं मी गप्प बसा म्हटलं, ती माझी चूक होती.”

मुलं त्यांच्याकडे बघत राहिली. एक मुलगा म्हणाला, “म्हंजे आता वाचू ना, सर?” सरांनी मान हलवली.

देसाई सर दारात उभे होते. नियमाप्रमाणे त्यांनी तपासणी थांबवून पंचनामा करायला हवा होता. त्यांनी तांडेल सरांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, भिंतीबाहेरच्या बायकांकडे बघितलं. मग तांडेल सरांना म्हणाले, तुम्ही आता बाहेर जा. आणि मुलांना म्हणाले, पहिल्यापासून घेऊ.

पहिला मुलगा पुन्हा आत गेला. एक मिनिट झालं. दोन झाली. दार उघडलं तेव्हा साडेतीन मिनिटं होऊन गेली होती. मी घड्याळ काढून पर्समध्ये टाकलं, कारण मला ते बघवत नव्हतं.

चौदापैकी नऊ मुलं वाचत होती. कुणी शब्द, कुणी परिच्छेद; हर्षाली परिच्छेदवाल्यांत. पाच मुलांना खरोखरच काही येत नव्हतं. श्रेणी एक पायरी वर गेली, तेवढ्यावर शाळेची फाइल थांबली. कायमची थांबली असं मी म्हणणार नाही, फाइली कायमच्या थांबत नसतात. तांडेल सरांवर दोन ठपके आले, एक मुलं बदलल्याचा आणि एक फाटकातून आत आल्याचा. पहिला योग्यच होता. दुसऱ्याबद्दल मी वर पत्र लिहिलं, त्याचं उत्तर आलं नाही. आणि त्या पाच मुलांचं काय, हा प्रश्न अख्ख्या प्रकरणात कुणीच विचारला नाही. अर्जात तो रकाना नाही. कोणत्या मुलाला काय येत नाही याला रकाना आहे. त्याला शिकवायला वर्गात माणूस होता का, याला नाही.

शिल्पाबाई अजूनही मतदार यादीतच होत्या. मी साहेबांना म्हटलं, मूल्यमापकांच्या यादीतून काढलंच आहे, तर मला शेवटचे तीन महिने त्या शाळेत दुसरीवर पाठवा. त्यांना वाटलं मी रागाने बोलते आहे. मग त्यांनी सही केली. केंद्रप्रमुखाने पुन्हा वर्गावर जाणं म्हणजे पायउतार होणं, असं आमच्यात मानतात. काही जणांनी फोन करून सहानुभूती दाखवली. मी ती घेतली, वाया कशाला घालवायची.

त्या पाचांपैकी चौघे एप्रिलपर्यंत शब्द वाचू लागले. पाचवा अक्षरांवरच राहिला, त्याच्यासाठी तीन महिने कमी पडले. फळ्याचा खालचा भाग मी मुलांना देऊन टाकला होता. संध्याकाळी घरी जाताना माझ्या साडीला खडू आणि मासळी दोन्हींचा वास यायचा आणि बसमधले लोक सरकून बसायचे. इतकी वर्षं शाळा तपासल्यावर मला शाळा पुन्हा आवडायला लागली होती.

हर्षाली रोज येत होती. माझ्याशी बोलायचीही. भावाला ताप आहे, बाबांची बोट उद्या येणार, मावशीने आज खिचडीत मीठ कमी टाकलं, सगळं सांगायची. पण हातात पुस्तक असलं आणि मी जवळ गेले की थांबायची. त्यात राग नव्हता. तिला वाचताना ऐकायला मी बाजूला बसले, मागे बसले, वर्गाबाहेर जाऊन उभी राहिले. मी आसपास आहे हे तिला कसं कळायचं कोण जाणे. एकदा सगळ्या वर्गासमोर मी तिला म्हटलं, हर्षाली, त्या दिवशी माझं चुकलं. तिने समजूतदारपणे मान डोलावली आणि पुस्तक मिटून दप्तरात ठेवलं. मी पुन्हा कधी तिला वाच म्हटलं नाही.

एप्रिलच्या शेवटी प्रगतिपुस्तकं भरायची वेळ आली. स्वतः ऐकल्याशिवाय वाचनाची नोंद करायची नाही, असा सक्त नियम आहे. देसाई सरांचा फेब्रुवारीचा कागद चालणार नव्हता, नोंद वर्गशिक्षकाची लागते. मी अठरा मुलांना एकेक करून जवळ बसवलं, ऐकलं आणि लिहिलं. शेवटी राहिलेल्या एकोणिसाव्या, हर्षालीच्या नावापाशी बराच वेळ पेन धरून बसले. मग लिहिलं, ‘परिच्छेद समजून वाचते’, आणि खाली सही केली. तिचं वाचन मी आजपर्यंत ऐकलेलं नाही.